ओल्ड स्ट्रीटवरचे जुने देऊळ

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या काही महिन्यांत वसईतील माझ्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहांवर युरोपातील बंद पडलेल्या चर्चची छायाचित्रे सारखी फिरत आहेत. कुठे वेदीच्या जागी मद्यालयाचा कट्टा दिसतो, कुठे कमानींखाली पुस्तकांच्या मांडण्या दिसतात आणि प्रत्येक छायाचित्राखाली साधारण एकच वाक्य असते: तिकडे श्रद्धा कशी संपली ते बघा. काहींना ते वाचून दुःख होते, आणि सांगायला वाईट वाटते, पण काहींना समाधानही होते. मी वसईच्या एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) वाढले. आमच्याकडची जुनी माणसे चर्चला देऊळच म्हणत, मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, मराठीत होई आणि गायनवृंदात माझे वडील व्हायोलिन वाजवत. देवळाचे दार कायमचे बंद होणे म्हणजे काय, याची कल्पना मला आहे. तरीही या छायाचित्रांतून जे सांगितले जाते ते फार अपुरे आहे, आणि माझ्या घराजवळच्या एका वास्तूच्या बाबतीत तर ते साफ चुकीचे आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

लंडनमध्ये परिचारिका म्हणून काम करण्यासाठी आले तेव्हापासून मी ओल्ड स्ट्रीटच्या परिसरात राहते. या रस्त्यावर सेंट ल्यूक नावाचे चर्च आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या वाढत्या वस्तीसाठी पन्नास नवी चर्च बांधण्याचा कायदा १७११ साली ब्रिटिश संसदेने केला. प्रत्यक्षात त्यांतली थोडीच उभी राहिली, आणि अगदी शेवटी बांधल्या गेलेल्या चर्चपैकी हे एक. जॉन जेम्स आणि निकोलस हॉक्समूर या दोन वास्तुविशारदांच्या नावावर ते आहे आणि १७३३ साली ते उपासनेसाठी खुले झाले. हॉक्समूरने त्याच्या मनोऱ्यावर नेहमीचा निमुळता कळस न बसवता इजिप्तमधल्या स्तंभांसारखा, उभ्या खाचा कोरलेला एक ओबेलिस्क चढवला. त्याच्या टोकावरचा वाऱ्याची दिशा दाखवणारा ड्रॅगन आसपासच्या लोकांना खालून उवेसारखा दिसे, त्यामुळे या देवळाला परिसरात एक टोपणनावही पडले होते. ज्या वास्तूला लोक टोपणनाव देतात ती लोकांची असते, असे मला वाटते.

हे देऊळ मुळात पाणथळ, मऊ जमिनीवर उभे राहिले आणि पहिल्यापासून खचत आले. १९५९ साली कोरड्या उन्हाळ्यानंतर जमीन आकसली, पायाला धोका आहे असे आढळले आणि चर्च बंद करण्यात आले. त्यानंतर छप्पर उतरवले गेले. धर्मग्राम शेजारच्या सेंट जाइल्स क्रिपलगेट या चर्चमध्ये विलीन झाला, म्हणजे ज्या धर्मग्रामातून तो १७३३ साली वेगळा काढला होता त्याच्याकडेच परत गेला. ऑर्गनची १७३३ सालची नक्षीदार लाकडी चौकटही तिकडेच हलवण्यात आली. पुढची चाळीसेक वर्षे ओल्ड स्ट्रीटवर चार भिंती, मोकळ्या खिडक्या आणि तो मनोरा एवढेच उभे होते. आत झाडे वाढली. त्या काळात हे देऊळ पाहिलेल्या एका वृद्ध शेजारणीने मला सांगितले होते की, ती लहानपणी त्याच्या कुंपणावरून आत डोकावत असे आणि आपल्या मोहल्ल्यात एक जंगल आहे असे शाळेत सांगत असे.

याच काळात, १९८२ साली, लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा हा वाद्यवृंद जवळच्याच बार्बिकन केंद्रात राहायला आला. हा वाद्यवृंद १९०४ सालचा, त्याच्या वादकांनीच स्थापन केलेला आणि आजही त्यांच्याच मालकीचा आहे. बार्बिकनमध्ये कार्यक्रमांचे सभागृह होते, पण तालमीसाठी, मुलांना शिकवण्यासाठी आणि वस्तीतल्या लोकांना हातात वाद्य घेऊ देण्यासाठी स्वतःची जागा नव्हती. वाद्यवृंदाने ओल्ड स्ट्रीटवरचे हे छप्पर नसलेले देऊळ निवडले. लॉटरीच्या पैशांतून चालणाऱ्या वारसा निधीने मदत केली, एका स्विस बँकेने मोठा वाटा उचलला आणि २००३ साली ही वास्तू संगीतशिक्षणाचे केंद्र आणि मैफिलींचे सभागृह म्हणून उघडली. लेव्हिट बर्नस्टीन या वास्तुविशारदांच्या संस्थेने हे काम केले.

त्यांनी काय केले आणि काय केले नाही, हे थोडे सविस्तर सांगते, कारण माझ्या मते सगळे मर्म त्यातच आहे. जुन्या भिंतींना नव्या छपराचा भार सोसवणार नव्हता, आणि वाहनांचा आवाज आत येऊ नये म्हणून छप्पर तर चांगले जड हवे होते. म्हणून भिंतींच्या आत पोलादाचे उंच खांब उभे केले, जे वर जाऊन झाडाच्या फांद्यांसारखे पसरतात, आणि छप्पर त्या फांद्यांवर पेलले. जुन्या भिंतींवर त्याचे ओझे नाही. त्या भिंतींना गिलावा दिला नाही, रंग दिला नाही. चाळीस वर्षे पावसात भिजलेल्या विटा, जुन्या सज्जांच्या तुळया जिथे भिंतीत घुसल्या होत्या त्या खोबणी, जागोजागी उरलेले चुन्याचे पापुद्रे, हे सारे तसेच ठेवले. आत बसलेल्या माणसाला दिसते की इथे एकदा देऊळ होते, मग ते मोडले, मग ते असे उभे राहिले. मला या प्रामाणिकपणाचे फार मोल वाटते. सगळे पुसून गुळगुळीत करणे कदाचित सोपे गेले असते.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती रात्रपाळी संपवून. शुक्रवारी दुपारी तिथे विनामूल्य मैफिली होत असत. तासाभराच्या आतल्या, आणि वादक स्वतः उभे राहून साध्या भाषेत सांगत की आता आपण काय ऐकणार आहोत. माझ्या पुढच्या रांगेत दोन बांधकाम मजूर पिवळी जाकिटे काढून मांडीवर ठेवून बसले होते, बाजूला कार्यालयातून जेवणाच्या सुटीत आलेली माणसे होती, मागे बाबागाडीसह एक आई होती आणि मूल रडले तेव्हा कोणी वळून पाहिले नाही. देवळात मी असेच बसत आले आहे: कोण कोणाच्या शेजारी बसेल याचा नेम नाही आणि आत येण्यासाठी कोणाला विचारायचे नाही. त्या दिवशी मी घरी जाऊन आईला फोन केला आणि सांगितले की मी देवळात जाऊन आले. ती म्हणाली, आज शुक्रवार, मिस्सा होती का गं? मला लगेच उत्तर देता आले नाही.

पुढे परिसरात राहणाऱ्या आणि काम करणाऱ्यांसाठी तिथे चालणाऱ्या गायनवृंदाची मला माहिती मिळाली आणि मी त्यात गाऊ लागले. त्याच इमारतीत इंडोनेशियातील बाली बेटावरच्या गॅमेलान या काशाच्या वाद्यसमूहाचा एक गटही आहे, ज्यात संगीताचे शिक्षण न घेतलेली माणसे एकत्र बसून वाजवतात. शाळांची मुले येतात. या सगळ्यांना जगातल्या एका नामवंत वाद्यवृंदाच्या छपराखाली जागा मिळते. संध्याकाळी ते सभागृह भाड्यानेही दिले जाते, तिथे कंपन्यांचे समारंभ होतात, तळघरात खाण्यापिण्याची सोय आहे, आणि सुरुवातीला मला ते खटकले हे मी लपवत नाही. पण ज्या भाड्यातून दुपारचे दार विनामूल्य उघडे राहायला मदत होते, त्या भाड्याविरुद्ध तक्रार करण्याचे बळ मला उरलेले नाही.

एक गोष्ट मात्र मला अजून टोचते. या देवळाच्या तळघरात आणि आवारात पिढ्यान्‌पिढ्यांचे मृत विसावले होते. नव्या बांधकामासाठी २००० साली पुरातत्त्वज्ञांनी १,०५३ दफने नोंदवून बाहेर काढली. कित्येकांची नावे शवपेटीवरच्या पट्ट्यांवरून कळली. त्यांचा अभ्यास झाला आणि सरेमधल्या ब्रुकवुड दफनभूमीत त्यांचे पुन्हा दफन झाले. सर्व काही कायद्याने आणि आदराने झाले असे मी वाचले आहे. तरीही ज्या जागेत मी आज वरच्या पट्टीत गाते तिथून हजाराहून अधिक माणसांना उठवून दूर नेले, हा विचार गायनाच्या सुरुवातीला माझ्या मनात येतोच. माझे स्वतःचे आजी-आजोबा ज्या देवळाच्या अंगणात आहेत त्या देवळाचे उद्या असे झाले तर मी विरोध करीन की नाही, हे मला आज सांगता येत नाही. एक समाधान आहे. ज्याने घडवलेल्या अक्षरांच्या खिळ्यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ साली छापला गेला, तो विल्यम कॅस्लॉन हा अक्षरकार १७६६ साली याच आवारात पुरला गेला आणि त्याच्या कुटुंबाची समाधी आजही बाहेर उभी आहे. तुमच्यासारख्या छापील अक्षरावर जगणाऱ्यांना हे कळावे, म्हणून मुद्दाम लिहिले.

आता मूळ आक्षेपाकडे येते. चर्च बंद होणे म्हणजे श्रद्धेचा पराभव, असे म्हणणाऱ्यांना मी खोटे म्हणणार नाही. इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चची सुमारे दोन हजार प्रार्थनास्थळे १९६९ पासून बंद झाली आहेत आणि हा आकडा आनंदाचा नाही. पण सेंट ल्यूक पाया खचल्यामुळे बंद झाले, भक्त रुसले म्हणून नव्हे. छायाचित्रावरून हा फरक कळत नाही. शिवाय बंद करणे हे इथे कोणाच्या लहरीवर नसते. चर्च आयुक्तांना प्रस्तावाचा मसुदा प्रसिद्ध करावा लागतो, कोणालाही त्यावर लेखी म्हणणे मांडता येते, आणि वास्तू विकताना पुढे कोणते वापर चालणार नाहीत याची बंधने करारात घालता येतात. जी वास्तू फार मोलाची आहे आणि जिला नवा वापर सापडत नाही ती सांभाळण्यासाठी १९६९ साली एक स्वतंत्र न्यास स्थापन झाला, ज्याच्याकडे आज साडेतीनशेहून अधिक चर्च आहेत.

मी कॅथलिक आहे आणि सेंट ल्यूक हे अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चचे, म्हणून आमच्या घरातला प्रश्न असा येतो की आपली शिकवण याबद्दल काय सांगते. आपल्या धर्मसंहितेचे १२२२वे कलम सांगते की ज्या चर्चचा उपासनेसाठी वापर कोणत्याही प्रकारे शक्य नाही आणि ज्याची दुरुस्तीही शक्य नाही ते बिशप ऐहिक वापरासाठी मोकळे करू शकतात, मात्र तो वापर हीन असता कामा नये. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये रोममध्ये याच विषयावर एक परिषद झाली. तिथून निघालेल्या मार्गदर्शक सूचनांत संग्रहालय, सभागृह, ग्रंथालय, पुस्तकांचे दुकान, कलेची कार्यशाळा, गरिबांसाठी दवाखाना किंवा अन्नवाटप अशा वापरांना पसंती आहे आणि निव्वळ नफ्यासाठी होणाऱ्या वापराला नाही. म्हणजे समूहांवर फिरणाऱ्या छायाचित्रांपैकी मास्ट्रिख्टच्या जुन्या डोमिनिकन चर्चमधील पुस्तकांचे दुकान आणि डब्लिनच्या सेंट मेरी चर्चमधील मद्यालय यांना एकाच ओळीखाली बसवणे आपल्या चर्चच्या स्वतःच्या विचारालाही धरून नाही. डब्लिनच्या त्या वास्तूत मी पाऊल टाकणार नाही, ही माझी निवड. पण दोन्हींमधला फरक मला कळतो आणि तो सांगितला गेला पाहिजे.

या शहरात आपल्या लोकांनीही असा आसरा घेतला आहे. कन्हैयालाल मुनशी यांनी १९३८ साली मुंबईत स्थापन केलेल्या भारतीय विद्या भवनाची लंडन शाखा १९७२ साली सुरू झाली आणि तिने पुढे वेस्ट केन्सिंग्टनमधली एक जुनी चर्चची इमारत घेतली. आज तिथे हिंदुस्तानी आणि कर्नाटक गायन, तबला, सतार, भरतनाट्यम, कथक शिकवले जाते. माझ्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबातली मुलगी तिथे तबला शिकत मोठी झाली. उंच छताखाली तिचा ना धिं धिं ना घुमताना ऐकला तेव्हा मला वाटले की या भिंतींना समूहाने एका लयीत काही म्हणण्याची सवय आधीपासूनच असणार. परक्या देशात स्थायिक झालेल्या माणसांना एकत्र जमायला मोठी खोली लागते, आणि अशी मोठी, उंच, आवाज सांभाळणारी खोली मध्यमवर्गीय वस्तीत प्रार्थनास्थळाशिवाय दुसऱ्या कोणी बांधलेली नसते. हे साधे कारण आहे, पण या चर्चेत ते कोणी बोलत नाही.

वसईच्या वाचकांना हा विषय दूरचा वाटू नये. आमच्या किल्ल्यात डोमिनिकन, फ्रान्सिस्कन आणि येशूसंघीय देवळांचे अवशेष आहेत. १७३९ साली चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकल्यावर पोर्तुगीज गेले, त्यांचे संन्यासी गेले आणि ही देवळे ओस पडली. फ्रान्सिस्कनांच्या देवळाच्या जमिनीत पोर्तुगीज अक्षरे कोरलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत. लहानपणी आम्ही त्यांवरून पाय उचलून जात असू. सेंट ल्यूक चाळीस वर्षे उघडे पडले, ही जवळपास तीनशे वर्षे. ते संरक्षित अवशेष आहेत आणि त्यांवर नवे छप्पर घालावे असे मी सुचवत नाही. गोव्यात मात्र अधल्यामधल्या वाटा दिसतात. जुन्या गोव्यातील सांता मोनिका या संन्यासिनींच्या मठात २००२ पासून ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे, जे त्याआधी राशोलच्या सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, होते. जुन्या गोव्यातल्याच एका टेकडीवरच्या, सोळाव्या शतकातल्या, मोंत मातेच्या चॅपेलच्या अंगणात संगीत महोत्सव होतो आणि त्यात पाश्चात्त्य संगीताबरोबर आपले रागसंगीतही सूर्यास्ताच्या वेळी गायले जाते. ते चॅपेल चॅपेलच राहिले आहे. त्याला माणसे मिळाली, एवढेच झाले.

माझी कळकळ ज्यांच्या डोक्यावर अजून छप्पर आहे अशा वास्तूंविषयी आहे: नवे मोठे देऊळ बांधल्यावर मागे पडलेली जुनी चॅपेले, पटसंख्या घटलेल्या मिशनच्या जुन्या शाळा, धर्मग्रामांची जुनी सभागृहे. त्यांची कौले एकेक करून जातात, मग पाऊस आत येतो, मग वासे कुजतात, आणि मग इमारत धोकादायक आहे असा कागद येतो तेव्हा ती पाडण्यापलीकडे कोणालाच काही सुचत नाही. सेंट ल्यूकला छपराविना चाळीस वर्षे थांबून कोणीतरी भेटले ते भाग्य. वसईच्या पावसात चाळीस वर्षे काहीच थांबत नाही. म्हणून धर्मग्रामाच्या पाळकीय परिषदांनी, संस्थांच्या विश्वस्तांनी आणि गावातल्या कलावंतांनी पहिले कौल फुटते तेव्हाच एकत्र बसावे, नवा वापर ठरवताना भाडे किती येईल हा प्रश्न दुसरा विचारावा आणि आठवड्यातून किती दिवस गावातले कोणीही पैसे न देता आत येऊ शकेल हा पहिला विचारावा, अशी माझी आपल्या पत्रामार्फत त्यांना विनंती आहे. गायनवृंदाची तालीम, मुलांची चित्रकला, नाटकाची तालीम, वृद्धांची दुपारची बैठक, यांतले एखादे तरी तिथे मावेलच.

आमच्या बायबलमध्ये पौलाने ल्यूकचा उल्लेख प्रिय वैद्य असा केला आहे, आणि परंपरेने तो चित्रकारांचाही संत मानला जातो. आयुष्यभर रुग्णांच्या खाटांजवळ उभी राहिलेली मी त्याच्या नावाच्या वास्तूत गाते, याचा मला आनंद आहे आणि तो मी कोणापासून लपवत नाही. वसईहून कोणी लंडनला आले तर मी त्यांना आधी सेंट जाइल्समध्ये नेते, सेंट ल्यूकमधून तिथे गेलेली ऑर्गनची चौकट दाखवते, जिच्या मागे आजही रविवारी स्तोत्रे वाजतात, आणि मग पंधरा मिनिटे चालत ओल्ड स्ट्रीटवर आणते.

समूहांवर ती छायाचित्रे पाठवणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे की पाठवण्यापूर्वी त्यांनी त्या वास्तूचे नाव, ती का बंद झाली आणि आज दुपारी तिच्या आत कोण बसले आहे, हे शोधून खाली लिहावे.

आपली विश्वासू,
एक वाचक, लंडन
(मूळ गाव वसई)